शेवटचा हात

“टोचलं म्हणजे काय, रक्त आलं की! हे बघ इथं.”

पडद्यापलीकडून आवाज आला आणि मास्तरांचा कप ओठांशीच थबकला. आवाज शाळेच्या मोठ्या बाईंचा. पडदा म्हणजे तरी काय, अस्तराचे उरलेले तुकडे जोडून केलेला. अलीकडे मास्तरांची खाट, पलीकडे त्यांचं शिलाईचं दुकान. बाईंच्या पर्सची चेन उघडल्याचंसुद्धा ऐकू आलं.

“निरोप समारंभाचा कोट, म्हणून घरी आरशापुढे घालून पाहिला. कॉलर वर केली तर मानेत ही टाचणी! सव्वीस वर्षं शिवून घेतेय इथं, असं कधी झालं नाही.”

“चुकलं, बाई,” सून म्हणाली. “माझ्याकडून राहिली.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. कोट त्यांनी शिवला होता. सुनेने फक्त बटणं लावली होती.

या दुकानाची एक रीत होती. शिवून झालेला कपडा टेबलावर पसरायचा, डोळे मिटायचे आणि अंगठा नि दोन बोटं एकेका शिवणीवरून चालवायची. सुटलेला दोरा, दुमडलेलं अस्तर, विसरलेली टाचणी. डोळ्यांना फसवून गेलेलं इथं सापडायचं. घरात याला ‘शेवटचा हात’ म्हणत. शेवटचा हात मास्तरांचाच. बोटांना डोळे आहेत तुमच्या, असं बायको हयात असताना म्हणायची.

आता चार केमो झाल्या होत्या. प्रत्येकीनंतरचे पाचसहा दिवस बादलीच्या शेजारात जायचे. मग दोन आठवडे जरा बरे. डॉक्टरीणबाई त्यांना विश्रांतीचे आठवडे म्हणत. मास्तर म्हणत सुट्टी, आणि सुट्टीत मशीनवर बसत. गार पाणी घशात काचेसारखं रुते. कात्री हातात धरली की झिणझिण्या येत, म्हणून तिच्या मुठींना त्यांनी फ्लॅनेलचे अंगरखे शिवले होते. काहीही खाल्लं तरी तोंडात नाणं चघळल्याची चव. हे सगळं ते आल्यागेल्याला रंगवून सांगत. बोटांचं तेवढं सांगत नसत.

दवाखान्यात दर वेळी तीच यादी. “मुंग्या येतात? बधिरपणा? शर्टाची बटणं लावता येतात?”

“अहो मॅडम, शिंप्याला बटणं विचारता होय!”

डॉक्टरीणबाई हसल्या. सूनही हसली. त्या सकाळी सासऱ्यांची बटणं तिनेच लावली होती, “उशीर होतोय बाबा, द्या इकडे,” म्हणत. बटणांविषयी दोघांनीही नंतर चकार शब्द काढला नव्हता.

परवा ती दोरे आणायला गेली होती, तेवढ्यात बाईंचा माणूस कोट न्यायला आला. मास्तरांनी डोळे मिटून शेवटचा हात फिरवला. सगळं कसं गुळगुळीत लागलं. हल्ली सगळंच गुळगुळीत लागायचं.

“तुझा हात अजून बसायचाय, बाळ,” पलीकडे बाई म्हणत होत्या. “मास्तर आजारी आहेत हे मला कळतं. पण त्यांना नुसता हात फिरवायला सांगायचंस! गणवेशांचं काम तुझ्या नावाने द्यावं, असं मी जाण्याआधी सांगून जाणार होते. पहिलीदुसरीची पोरं घालणार ते कपडे. आता कुठल्या तोंडाने सांगू?”

या कामाचं सून दोन महिने बोलत होती. जुन्या वहीत गळ्यांची मापंसुद्धा काढून ठेवली होती तिने. आता तरी बोलेल, मास्तरांना वाटलं. बोल गं.

“खरं आहे, बाई,” ती म्हणाली.

मास्तर उठले नाहीत. गर्दीत जाऊ नका असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, त्यांनी स्वतःला आठवण करून दिली. मोठ्या बाई एकट्याच गर्दीएवढ्या असल्या, तरी ती सबब काही टिकेना. त्यांनी पडद्याच्या फटीला डोळा लावला.

सुनेने खण उघडला. आतून काहीतरी चपटं काढलं आणि कोटावरून सावकाश फिरवू लागली. कॉलर, खांदे, बाह्या.

“हे काय गं?” बाईंनी विचारलं.

“लोहचुंबक. जुन्या रेडिओतलं. आणखी एखादी राहिली असेल तर...”

चुंबकाला सुती खोळ होती. नीट बेतलेली, बारीक धावदोऱ्याची, आणि कडांना मळून काळी पडलेली. एका दिवसात खोळ इतकी मळत नाही, हे शिंप्याला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणजे त्यांच्या शेवटच्या हातानंतर रोज आणखी एक हात फिरत होता. परवा ती घरी नव्हती, एवढंच.

मास्तरांचे कान तापले. टक्कल झाकायची टोपी शोधली, सापडेना, तसेच उठले. चपला पायांना कळत नव्हत्या, म्हणून खाली बघून घातल्या.

“अहो मास्तर, तुम्ही कशाला उठलात!” बाई टकलाकडे न बघायचा प्रयत्न करत म्हणाल्या.

“बाबा, तुम्ही पडा. मी बघते ना.”

“खूप बघितलंस.”

टेबलावर ती टाचणी पडली होती. त्यांनी ती उचलायला घेतली. निसटली. पुन्हा निसटली. दोघी बघत राहिल्या. सुनेचा हात पुढे आला नि अर्ध्यावरच थांबला. तिसऱ्या वेळी टाचणी आली, पण टोकाकडून. बोटावर लाल थेंब फुगला. दुसऱ्या कुणाचं बोट पाहावं तसे मास्तर त्याच्याकडे पाहत होते.

“कोट मी शिवलाय, बाई. वरून हातही मीच फिरवला. हिने यातली फक्त बटणं लावलीत, ती ओढून बघा, निघायची नाहीत.”

सुनेने चिंधी काढून त्यांच्या बोटाला गुंडाळली. तिच्या मानेवरून ती रडतेय हे कळत होतं.

“बाबा, राहू दे आता.”

“सोमवारी दवाखान्यात यादी विचारतील,” मास्तर म्हणाले, “तेव्हा मी हसायला लागलो तर हसू नकोस. सांगायचं त्यांना. मला बटणं लावता येत नाहीत.”