सोलेदादचा माग

इकडेतिकडे काय बघताय? मीच बोलतोय, कोपऱ्यातला हातमाग. आमच्या कालिबो गावात अननसाच्या पानांच्या धाग्याचं कापड विणणारे माग पुष्कळ आहेत, पण माझ्यासारखा सरळ अंगाचा एकही नाही. ही बढाई नव्हे. सोलेदादच्या वडिलांनी मला घडवलं, तेव्हा सगळी आळी हेच म्हणाली होती.

वडील गेले. मग आईच्या आजारपणात सोलेदादचं लग्नाचं वय निघून गेलं. माझ्या फळीवर बसून ती विणत राहिली. आमचा धागा केसाहून बारीक, साध्या झुळकीनंही तुटतो. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद. उकाड्यानं जीव नकोसा होतो, त्यामुळे पाहुणे फार वेळ टेकत नाहीत.

रोडेल मात्र टेकायचा. फुटक्या बशीच्या कडेनं पानं खरवडून धागा काढणारा हा शेजारचा मुलगा. मुलगा कसला, तेहतीस वर्षांचा बाप्या! धाग्याची जुडी द्यायला यायचा आणि घामानं निथळत तासन्‌तास बसून राहायचा. दुपारच्या मंद उजेडात पांढरं कापड धुक्यासारखं तरंगायचं. कापडाकडे बघतोय असं दाखवून तो तिच्याकडे बघायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

"अरे, घरी जा. उकडून मरशील," सोलेदाद म्हणायची.

"मरू दे. इथंच बरं वाटतं."

"मी बावन्न वर्षांची आहे, रोडेल."

"माहीत आहे. रोज तेच काय सांगतेस?"

शेवटी तिनं एकच अट घातली. त्याची आई नेनिता रीतीप्रमाणे मागणी घालायला आली, तरच लग्न. ती नाही म्हणाली, तर या घराचं दार त्याला कायमचं बंद.

नेनिता आली. हातात केळीच्या गाभ्यात शिजवलेल्या कोंबडीचं पातेलं आणि तोंड फुगलेलं. सोलेदाद तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, जन्मभर ती तिला ताई म्हणत आलेली. आत पाऊल टाकलं आणि जुन्या सवयीनं ती लेकाला बोलून गेली, "उभा काय राहिलास? ताईंचा हात कपाळाला लाव."

वडीलधाऱ्यांना आमच्याकडे असाच नमस्कार करतात. पण नवरदेवानं नवरीला? नेनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रोडेलनं सोलेदादचा हात हातात घेतला, पण वर नेला नाही. "यापुढे नाही, आई," तो म्हणाला.

सोलेदादनं हात सोडवून घेतला. ती सरळ नेनितासमोर जाऊन वाकली आणि कपाळाला लावायला तिचा हात मागू लागली.

नेनितानं तो पाठीमागे लपवला. "ताई, नको. तुम्ही मला मोठ्या. लोक हसतील."

"वय काही मला कमी करता येत नाही, नेनिता. वाकता तेवढं येतं."

मग नेनिताचा हात हळूच पुढे आला. सोलेदादनं तो कपाळाला टेकवला.

"देव तुमचं भलं करो," नेनिता रडत म्हणाली. "आणि उठा आता. या वयात कंबर धरेल."

सध्या माझ्यावर नवरदेवाचा सदरा विणला जातोय. रोज वीतभरही सरकत नाही. नेनिता हटकून येते आणि तुटलेले धागे मीच बांधणार म्हणून हट्ट धरते. तिच्या गाठी भारी जाड. सोलेदादला त्या सोडवून पुन्हा बांधता येतील, पण ती हात लावत नाही. लग्नात रोडेलच्या छातीवर बारीक उंचवटे दिसले, तर कृपा करून हसू नका. त्याच्या आईनं स्वतःच्या हातानं बांधल्यात त्या गाठी.