उक्कोची खुर्ची

मी उक्को बोलतोय. बोलतोय म्हणजे मला बोलायला लावलंय. शेजारी हा ड्रॅगन पसरलाय ना, तो सात महिने एकच धोशा लावून बसलाय, "आजोबा, तुमची हकीकत सांगा की." एकदा सांगून टाकतो, म्हणजे याचं तोंड बंद होईल. तुम्हीही ऐका. पण मध्ये बोलू नका.

मी व्हिडिओ गेममधला माणूस. हातात कुऱ्हाड, अंगात चिलखत, पांढरी दाढी. जन्म दूर उत्तरेकडच्या बर्फाळ देशातल्या इसाल्मी गावातला, नोव्हेंबरातल्या एका दुपारी. मला घडवलं कालेर्वोने. हा निवृत्त बस ड्रायव्हर. खेळाने त्याच्या हातात गुणांची एक पुंजी दिली होती आणि ती ताकद, अक्कल अशा खात्यांत वाटायची होती. सगळी त्याने ताकदीत ओतली. ताकद अठरा, अक्कल तीन. त्यामुळे मला वाचता येत नाही. रस्त्यात पाटी दिसली की मी तिच्याकडे बघतो आणि पुढे जातो. चेहऱ्याला त्याने हातच लावला नाही, मशीनने दिला तो ठेवला. नाव उक्को लिहिलं, त्यांच्या भाषेत म्हातारा. झालं माझं बारसं.

आता खेळाची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. या खेळात सहा जणांची टोळी करता येते. सगळ्यात शेवटी दोन दारं आहेत. टोळी घेऊन आलेल्यांसाठी मोठं दार. आत मेजवानी, ढोल, नाच आणि अनोळखी लोकांची गळाभेट. एकट्याने आलेल्यासाठी लहान दार. आत काही नाही, फक्त एक खुर्ची. पण वाटेत एकदा जरी कुणाला सोबत घेतलं, तरी लहान दार कायमचं बंद. आणि मी एकदा जरी मेलो तरी कायमचा पुसला जाणार, हा नियम कालेर्वोने स्वतः मागून घेतला होता.

मला ती खुर्ची हवी होती. हसू नका. ज्यांनी हा खेळ बनवला त्यांनी मला पळायला शिकवलं, उडी मारायला शिकवलं, पोहायलाही शिकवलं. बसायला नाही शिकवलं. चार वर्षं झाली, मी उभा आहे. या अख्ख्या दुनियेत मला बसता येईल अशी ती एकच जागा.

कालेर्वोलाही तीच हवी होती. त्याचा मेव्हणा तौनो म्हणाला होता, "दाजी, हे एकट्याचं काम नाही." कालेर्वो त्यावर काही बोलला नाही. तेव्हाच मला कळलं की हा आता ऐकत नाही.

वाटेत लोक भेटायचे. एक वैदूबाई आली, "आजोबा, एकटेच निघालात? मी येऊ का, जखमा बांधायला?" एक तंतुवाद्यवाला आला, "काका, गाणी म्हणत जाऊ." पडद्यावर तीन उत्तरं यायची, दोन लांब, एक आखूड. कालेर्वो कॉफीचा घोट घ्यायचा, नीट विचार करायचा आणि आखूड उत्तर दाबायचा. "नाही." चार वर्षांत कालेर्वोने माझ्या तोंडी दुसरा शब्द घातला नाही.

एकट्याचे हाल काय असतात ते मला विचारा. पेटीतला सापळा काढायला टोळीत चोर लागतो. आमच्यात चोर मीच. म्हणजे पेटी उघडायची आणि बाण तोंडावर घ्यायचा. कुलूप दिसलं की खांदा मारायचा. जखम भरायचं औषध होतं, दोनशे चौदा बाटल्या पाठीवर होत्या. पण कालेर्वो एक उघडेल तर शपथ. "पुढे लागतील," म्हणायचा. त्याच्या तळघरात तीन हिवाळ्यांपूर्वीचा लिंगनबेरीचा मुरंबा तसाच पडून आहे, तिथे माझी काय कथा.

त्याची बायको हिल्का मागून जाता जाता थांबायची. "अहो, त्या म्हाताऱ्याला कुणीतरी सोबत द्या. बघवत नाही."

"तो बरा आहे."

"त्याला विचारलंत?"

कालेर्वोने मला विचारलं नाही. पण मी बरा होतो, हे खरं.

तर असं करत करत मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही शेवटच्या गुहेत पोचलो. पुढे लहान दार, दाराआड खुर्ची, आणि दारासमोर हा ड्रॅगन. याला मारायचं किंवा उत्तरं देऊन वाटेतून काढायचं. याने विचारलं, "का आलास?"

कालेर्वो विचार करायला लागला. इतक्यात बाहेरून हिल्काची हाक आली, "सौना तापलाय, तौनोही आलाय." सौना म्हणजे यांची वाफेच्या आंघोळीची खोली, आणि तापलेल्या सौनाला कुणी थांबायला लावत नाही. कालेर्वो उठला आणि गेला.

त्याने खेळ थांबवला नाही. त्याच्या मते तो थांबलेलाच होता. माणूस गप्प झाला म्हणजे तो विचार करतोय आणि समोरच्याने वाट बघायची, हे इथे लहान पोरालाही माहीत असतं. खेळ बनवणारे मात्र कुठल्यातरी बडबड्या देशातले. त्यांनी ड्रॅगनला शिकवून ठेवलं होतं की मिनिटभर उत्तर आलं नाही तर पुढचं बोल.

हा बोलायला लागला. आधी धमक्या दिल्या. मग म्हणाला, "तुझी शांतता मला कापते आहे." मग स्वतःच्या आईचं काढलं. मग अंड्यातून बाहेर आला तेव्हा कुणीच जवळ नव्हतं, ते सांगितलं. तासाभराने हा रडत होता आणि मी समोर उभा. माझ्या डोक्यात एकच, हा एवढा रडून बाजूला झाला की बसायचं.

पण हा म्हणाला, "मला सोबत नेशील?" पडद्यावर दोनच उत्तरं आली, नाही आणि हो.

त्याच वेळी तौनो आत आला. कमरेला टॉवेल, अंगातून वाफा निघतायत. सॉसेज भाजून झालं होतं, मोहरीची चटणी न्यायला आला होता. फ्रिजमधून चटणीची ट्यूब काढली आणि जाता जाता पडद्यासमोर थांबला. त्याच्या अंगावरचं पाणी गळून खाली जमिनीवर थारोळं.

"अरे बाबा," तो ड्रॅगनला म्हणाला, "किती विनवशील."

आणि त्याने ओल्या बोटाने "हो" दाबलं. ट्यूब घेतली आणि गेला.

लहान दाराला आतून कडी पडली. तो आवाज मी अजून ऐकतो.

कालेर्वो आला. पडलेली कडी बघितली, ओल्या बोटाचा ठसा बघितला. "हं," म्हणाला. मग त्याने कॉफी ठेवली. आणि मनात ठरवलं की तौनो माफी मागत नाही तोवर त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही.

सात महिने झाले. तौनो दर शनिवारी येतो. दोघं सौनात फळीवर शेजारी बसतात, दगडांवर पाणी टाकतात, सॉसेज खातात. कालेर्वो बोलत नाही. पण तो आधी तरी कुठे बोलायचा? शेवटी हिल्काने स्वयंपाकघरात तौनोला गाठलं. मी पडद्यातून ऐकत होतो.

"तौनो, दाजींनी तुझ्याशी बोलणं टाकलंय. कळतंय का तुला?"

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून."

तौनोने विचार केला. "मला वाटलं यंदा मजेत आहेत."

कशाबद्दल ते त्याने विचारलं नाही. कालेर्वोही सांगणार नाही.

हिल्का म्हणते, "दुसरा म्हातारा करा आणि नव्याने सुरू करा." कालेर्वो म्हणतो, "दुसरा नको." एवढंच म्हणतो, पण ते ऐकून माझ्या चिलखतात काहीतरी हललं, हे कबूल करतो. आताही तो रोज कॉफी घेऊन येतो, मला लहान दारापर्यंत चालवतो, आम्ही दोघं दाराकडे बघतो आणि परत फिरतो. मोठ्या दाराकडे तो वळतही नाही. गळाभेटीला आम्ही जाणार नाही.

ड्रॅगनला बसता येतं. त्याला शिकवलंय. तो बसतो, लोळतो, शेपूट पसरतो आणि मला म्हणतो, "आजोबा, टेका की." कुठून टेकू? गुडघा वाकत नाही. तसा वाईट नाही बिचारा, वारा अडवतो. त्याचं माझं भांडण नाही. कालेर्वोशीही नाही, तो सौनाला गेला, कुणीही गेला असता.

कडीशेजारच्या फटीतून खुर्ची दिसते. साधी लाकडी आहे, पाठ सरळ. मी तिच्यासमोर उभा आहे आणि एका माणसाच्या माफीची वाट बघतोय. कधी इसाल्मीला गेलात आणि मोहरीची ट्यूब घेतलेला ओला माणूस दिसला, तर त्याला एवढं सांगा की उक्को अजून उभा आहे. नाव तौनो पुल्किनेन.