चौथा वळ

तिच्या डाव्या दंडावर बाहेरच्या बाजूला आजवर तीनच वळ उमटत आले होते. मधलं बोट, अनामिका, करंगळी; एकाखाली एक, खाली जाताना लहान होत गेलेले. आतल्या बाजूला अंगठ्याचा, गोल आणि सगळ्यांत गडद. तर्जनीची जागा नेहमी कोरी असायची. आज सकाळी कचेरीच्या स्वच्छतागृहात बाही वर करून तिनं पाहिलं, तर त्या कोऱ्या जागेत एक फिकट तांबूस डाग होता. कडा पुसट होत्या, दाब इतरांपेक्षा कमी पडला होता. पण डाग होता.

म्हणजे बोट वाकायला लागलं.

तिच्या मनात पहिलं आलं ते हेच, आणि क्षणभर तिला चक्क बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचीच तिला शिसारी आली. बाही मनगटापर्यंत ओढून, बटण लावून ती बाहेर पडली.

कचेरीचं सरकारी नाव लांबलचक होतं. कामगारांचे अपघात टाळणं आणि झालेच तर त्यांना पुन्हा उभं करणं, असं काहीतरी त्यात होतं. लोक तिला ‘हातपाय कचेरी’ म्हणत. वरच्या मजल्यावर हातपाय मोडू नयेत म्हणून धडपडणारे बसत, खालच्या मजल्यावर मोडलेले दुरुस्त करणारे. “वरच्यांनी नीट काम केलं असतं, तर आम्ही घरी झोपलो असतो,” असा खालच्यांचा कायमचा टोमणा. ती वरची. कारखान्यांत जाऊन यंत्रांची संरक्षक झाकणं, म्हणजे गार्ड, तपासायची. त्यामुळे तिला सगळे गार्डबाई म्हणत.

आणि गार्डबाईंचा नवरा खालच्या मजल्यावर उपचार घेत होता. दैवाला विनोदाचं वावडं नसतं.

तो प्रेस मशीनवर सेटर होता, म्हणजे साचे बसवून देणारा. पत्रा कापणाऱ्या त्या यंत्राला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा दांडा खाली येतो. साधा हिशेब: दोन्ही हात बटणांवर असले की एकही साच्यात सापडत नाही. पण असं काम सावकाश होतं. म्हणून कारागीर एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवतात. मग एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा. त्या पाचरीला सगळीकडे ‘जावई’ म्हणतात. एकदा येऊन बसला की उठायचं नाव नाही, आणि त्याला कुणी काही बोलायचंही नाही. ती दुसऱ्यांच्या कारखान्यांतले जावई उपटत हिंडत होती, तेव्हा तिच्या नवऱ्यानं आपल्या मशीनमध्ये स्वतःच्या हातानं एक ठोकला होता. दांडा आला तेव्हा तर्जनी साच्यात होती. हाड चिरडलं, शिरा तुटल्या. शल्यवैद्यांनी ते बोट जोडलं, शिवलं. पण ते काठीसारखं ताठ राहिलं.

“हात बरा झाला की सगळं ठीक होईल.” हे वाक्य सासूबाईंचं. पुढे ते सगळ्यांचं झालं, आणि तिचंही. पाण्याचा तांब्या भिरकावला गेला, तेव्हा तिनं ते म्हटलं. मानेला धरून तिचं कपाळ दाराच्या चौकटीवर आदळलं गेलं, तेव्हाही म्हटलं. रक्त भुवईतून डोळ्यात उतरत होतं आणि ती एका डोळ्यानं फडकं शोधत होती. सासूबाई अशा वेळी खिडकी लावून घ्यायच्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मग हळदीचा डबा घेऊन यायच्या आणि डोळे न भिडवता जखमेत हळद दाबायच्या. “दुखावलेला पुरुष आहे गं. दाताखाली जीभ येतेच की कधीतरी.”

आज दुपारी त्याची शेवटची तपासणी होती. त्याआधी तिला एका कारखान्यात जायचं होतं.

बिजागऱ्या बनवणारा कारखाना. आत शिरताच पायाखालची जमीन ठेक्यात हादरत होती. चौथ्या मशीनपाशी ती थांबली. डाव्या बटणात जावई बसला होता, तेलानं काळा, गुळगुळीत. म्हणजे बऱ्याच दिवसांचा मुक्काम. तिनं कारागिराला बाजूला व्हायला सांगितलं, पिशवीतून भुसा भरलेला चामड्याचा हातमोजा काढला, काठीच्या टोकाला खोवून साच्यात सरकवला आणि उजवं बटण दाबलं.

धाड! मोज्याची तीन बोटं एकदम उडाली. चामडं फाटून भुसा फवाऱ्यासारखा कारागिराच्या तोंडावर आला. बाजूचा एक जण खो खो हसला. मग साच्याच्या कडेला चिकटलेलं चामड्याचं बोट त्याला दिसलं आणि त्यानं आपले हात खिशात घातले.

तिनं मुख्य स्वीच खाली ओढला आणि तो कुणी परत वर करू नये म्हणून पिशवीतून कुलूप काढलं. तेवढ्यात फोरमन धावत आला.

“अहो गार्डबाई, काय हे! आल्या आल्या वीज तोडता? पाहुण्यानं आधी पाणी तरी मागावं!”

“पाणी नंतर. जावई कधीपासून आहे?”

“राहू द्या हो त्याला, गरीब आहे बिचारा. वर्ष झालं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही.”

“खरचटलं नाही,” कारागीर तोंड पुसत म्हणाला, “थोडक्यात वाचतो फक्त.”

“तू गप रे!”

“किती वेळा वाचलास?” तिनं विचारलं.

“मोजतंय कोण, बाई? वाचलो की पुढचा पत्रा घ्यायचा.”

“थोडक्यात वाचलास म्हणजे अपघात झालाच. फक्त मध्ये मांस नव्हतं.” तिनं कुलूप उघडलं.

“हे बघा,” फोरमनचा आवाज मऊ झाला, “हा माणूस सोन्यासारखा आहे. सांभाळून काम करतो. एवढी ऑर्डर निघू द्या, मी स्वतः पाचर काढतो. शब्द देतो.”

“माणूस कसा आहे ते मी विचारलंच नाही. दांडा खाली येतो का, एवढंच मी बघते. येतो. म्हणून आधी मशीन थांबणार. बोलणं मागाहून.”

“अहो, ऐका तर...” आणि त्यानं स्वीचकडे जाणारा तिचा हात दंडाला धरून मागे ओढला.

नेमका तोच दंड. कळ खांद्यातून थेट कवटीत गेली. डोळ्यांपुढे पांढरं झालं; आणि पुन्हा दिसायला लागलं तेव्हा तिचा उजवा हात उगारलेला होता, मुठीत लोखंडी कुलूप होतं आणि फोरमनचं नाक त्यापासून वीतभर अंतरावर होतं. आणखी एक क्षण गेला असता तर तिनं ते नाक फोडलं असतं. फोडायचंच होतं तिला. हाड मोडल्याचा आवाज तिला आधीच ऐकू आला होता.

फोरमन हात सोडून मागे सरला. “बाई, मी तर नुसता हात लावला हो. देवाशप्पथ, जोर केला नाही.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. तिनं कुलूप स्वीचला अडकवलं. किल्ली फिरवली आणि पिशवीत टाकली.

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि दंड गजाला लागू नये म्हणून अंग चोरून घेत होती. तिला घर आठवत होतं. घरातल्या सुऱ्या तिनं वरच्या फळीवर, डब्यामागे ठेवल्या होत्या. काचेचे पेले जाऊन स्टीलचे आले होते. उकळतं भांडं चुलीवर सोडून ती खोलीबाहेर जात नसे. नवऱ्याशी बोलताना नेहमी दाराच्या बाजूला उभी राहायची. कारखान्यात ती रोज ओरडून सांगायची: आधी धोकाच काढून टाका, ते जमत नसेल तर मध्ये अडसर घाला, हातमोजे सगळ्यांत शेवटी, कारण हातमोजा दांड्याला थांबवत नाही. आणि घरी तिनं वर्षभर नुसते हातमोजेच चढवले होते, एकावर एक.

काल व्यायामाचा रबरी चेंडू कपाटाखाली गेला होता, एवढंच कारण. “माझ्या वस्तू लपवतेस?” म्हणून त्यानं तिला दंडाला धरून ओट्यावर आपटलं, एकदा, मग पुन्हा, ओट्याची कड बरगड्यांत रुतली आणि श्वास बाहेरच राहिला. त्याची तर्जनी दंडात रुतत होती, तेही तिला आत्ता आठवलं.

आणि त्याच्याही मागचं एक आठवलं. पहिली थप्पड. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यातली. कानात शिट्टी वाजत राहिली होती आणि गालावर पाच बोटं उठली होती. पाचही. तेव्हा त्याचा हात धडधाकट होता. अपघात तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. ‘हात बरा झाला की’ म्हणताना ही गोष्ट ती रोज वगळत आली होती, जावई बसलेलं बटण कारागिराला दिसेनासं होतं तशी.

खालच्या मजल्यावरची व्यायामाची खोली नेहमीसारखी गजबजलेली होती. कुणी वाळूच्या पिशव्या उचलत होता, कुणी दोरीच्या गाठी सोडत होता. तिचा नवरा मधोमध बसून सगळ्यांना हसवत होता. इथे तो सगळ्यांचा लाडका.

“या, या, वरच्या मजल्याचं सरकार आलं!” तो ओरडला. “लपवा रे आपापले जावई!”

खोलीभर हशा. सासूबाई कोपऱ्यात चहाचा थर्मास मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांनीही हसून घेतलं आणि सुनेच्या लांब बाहीकडे एकदा पाहून नजर थर्मासवर नेली.

थेरपिस्ट बाई, केस पिकलेल्या, चष्मा कपाळावर, पकड मोजायचं यंत्र घेऊन त्याच्यासमोर बसल्या. या बाईंनी त्याचा हात सांध्यासांध्यानं ओळखीचा करून घेतला होता. “चला, राजे. सगळी ताकद लावायची. दात खायचे नाहीत, मूठ आवळायची.”

त्यानं मूठ आवळली. मनगटावरच्या शिरा फुगल्या. तीन बोटं आधी वळली. मग, सावकाश, थरथरत, तर्जनीही वळली आणि दांडीवर टेकली. काटा चढला, थबकला, पुन्हा चढला.

“वाकलं!” थेरपिस्ट बाईंनी टाळी वाजवली. “अरे, वाकलं की! मागच्या आठवड्यात तर हलत नव्हतं!”

खोलीनं टाळ्यांचा कडकडाट केला. पाऊल गमावलेला क्रेनवाला कुबडी जमिनीवर आपटत म्हणाला, “गार्डबाई, संपलं तुमचं! आता नवऱ्याच्या तावडीतून सुटका नाही!”

“सोडतोय कोण?” नवरा म्हणाला आणि हसत हसत त्यानं बाहीखालून डोकावणारं तिचं डावं मनगट पकडलं. चारही बोटांनी. सगळ्यांना दिसेल असं, गमतीनं. पण पकड सैल झाली नाही. “बघ, आहे की नाही जोर?”

“माझ्या लेकाचा हात आला परत,” सासूबाई डोळे टिपत म्हणाल्या. “सुनेनंच करून घेतलं हो सगळं. आता संसार सुरळीत होईल.”

थेरपिस्ट बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. उपचार संपवताना घरच्या माणसाला त्या नेहमी एकच गोष्ट विचारत, आणि उत्तर मिळाल्याशिवाय कुणाला सोडत नसत. “इथं पकड चांगली आहे. पण घरी हात कसा चालतो ते घरचंच माणूस सांगणार. बोला, गार्डबाई. घरी बोट वाकतं का?”

“तुम्हाला आत्ता कळलं,” ती म्हणाली. “मला सकाळीच कळलं होतं.”

नवरा अजून हसत होता. “हिला सगळं आधीच कळतं.”

तिनं मोकळ्या हातानं त्या बाहीचं बटण काढलं आणि बाही खांद्यापर्यंत वर सारली.

वाळूची पिशवी कुणीतरी खाली ठेवली. थेरपिस्ट बाई पुढे झुकल्या. त्यांनी तीन वळ पाहिले, अंगठा पाहिला, मग वरचा फिकट डाग पाहिला. त्यांची नजर दंडावरून त्या हातावर गेली, पुन्हा दंडावर आली. हात कुणाचा, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

“सोडा तिला,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

“अहो, तसं नाही,” तो म्हणाला. पकड आणखी घट्ट झाली होती. त्याच्या ते लक्षात तरी आलं होतं की नाही कोण जाणे. “पडली ती. आई, सांग ना.”

सासूबाईंनी खिडकीकडे पाहिलं. ती उघडी होती, आणि लावायला त्या उठल्या नाहीत.

“सोडा,” थेरपिस्ट बाई म्हणाल्या. क्रेनवाला कुबडीवर उभा राहिला.

बोटं सुटली. आधी करंगळी, सगळ्यांत शेवटी तर्जनी. मनगटावर पांढरे पट्टे उठले होते आणि त्यांत हळूहळू रक्त परत येत होतं. ती दाराच्या बाजूला सरकली नाही. होती तिथंच उभी राहिली.

“अगं, घरी बोलू आपण,” तो कुजबुजला. “घरी चल आधी. शब्द देतो तुला.”

ती त्याच्या हाताकडे पाहत होती. चांगला झालेला हात.

“नाही,” ती म्हणाली, मशीनच्या गोंगाटात बोलायची सवय असलेल्या आवाजात, खोलीभर ऐकू जाईल असं. “मी घरी येणार नाही. आज नाही, पुन्हा कधीच नाही. मी तुम्हाला सोडलं.”