होडीच्या बुडाशी कान

"मधोमध बस. आणि एकदा बसलीस की मागे वळायचं नाही," हे म्हणाले. मी जीव मुठीत धरून त्या लांबुडक्या प्लास्टिकच्या होडीत बसले.

कयाक म्हणतात तिला. दोन माणसांची, वरून उघडी, आतून भोपळ्यासारखी पोकळ. पुढची सीट माझी, मागची यांची. मागे वळलं की होडी कलंडते, आणि हाक मारून उपयोग नाही, कारण यांना ऐकू येत नाही. कानातलं यंत्र पाण्याला भिऊन घरी राहतं. म्हणून रीत अशी की काही सांगायचं झालं तर आपापल्या वल्ह्याच्या दांड्यानं होडीवर ठोकायचं. एकदा ठोकलं की 'बघ', दोनदा ठोकलं की 'परत फिर'. ही रीत यांच्या होडीतल्या जोडीदारानं, पेंटरनं घालून दिलेली. मी बसल्या बसल्या दोनदा ठोकून पाहिलं, तर हे हसले आणि पुढेच निघाले.

यांची सगळी नोकरी एका हॉस्पिटलच्या जनरेटरच्या खोलीत गेली. त्या धडधडीनं कान खाल्ले. उरली ती डोक्यातली शिट्टी, अष्टौप्रहर. त्यात अलीकडे चक्कर येऊ लागली, आणि डॉक्टरांनी बजावलं की पाण्यात एकट्यानं जायचं नाही. पेंटर नेमका लेकीकडे कायमचा राहायला गेला. मग मीच धाकट्या भाऊजींना सांगून टाकलं, उद्या टेम्पो घेऊन या आणि ही होडी घेऊन जा. यांनी ब्रसुद्धा काढला नाही. फक्त म्हणाले, "आज एकदा तू चल. मग नेऊ दे त्याला." मला पोहता येत नाही हे यांना ठाऊक आहे. पण भांडणाशिवाय विषय मिटत होता. सुंठीवाचून खोकला जात असेल तर एक दुपार काय जड आहे?

भरती लागली होती. पाणी आपणहून आम्हाला खाडीत आत नेत होतं, हे नुसते वल्ह्यानं दिशा धरून होते. माझं तोंड अर्थातच चालू होतं, ऐकणारं कोणी नसलं तरी. किती वर्षं हा माणूस सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन निघायचा आणि संध्याकाळी हात हलवत परत यायचा. कधीमधी एखादा मासा आणलाच तर तो पाहून मांजरानंही तोंड फिरवावं. मी नेहमी म्हणायचे, बाजारातून आणलात तर निदान चारचौघांत सांगता तरी येईल.

खाडी वळते तिथे पाणी खोल आहे. तिथे यांनी नांगर सोडला. एक गळ स्वतःच्या हातात धरला, दुसऱ्याची काठी माझ्या गुडघ्याजवळच्या खोबणीत उभी केली आणि वल्हं आडवं टाकून बसून राहिले.

खाडी भरताना मी कधी पाहिलीच नव्हती. या गावात जन्म गेला, पण पुलावरून बसनं जाताना दिसेल तेवढीच खाडी माझी. आता दोन्ही काठांचा चिखल माझ्या डोळ्यांदेखत पाण्याखाली जात होता, आणि कसलाही आवाज नव्हता. आधी खेकड्यांची बिळं गेली. मग गवत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं, मग नुसते शेंडे उरले, मग तेही गेले. एवढा प्रचंड समुद्र आत येत होता आणि दाराची कडीसुद्धा वाजत नव्हती. माझं तोंड कधी बंद झालं ते मला कळलं नाही.

तेवढ्यात गुडघ्याजवळची काठी कमानीसारखी वाकली. मी "अहो" म्हटलं. मग आणखी मोठ्यानं "अहो" म्हटलं. लग्न झाल्यापासून या माणसाला दुसरी हाक मारलेली नाही. वल्हं, दांडा, ठोकणं, सगळं क्षणात विसरले आणि 'अहो' म्हणत गर्रकन मागे वळले. होडी कलंडली. मांडीवर गार पाणी आलं. यांनी स्वतःला दुसऱ्या बाजूला झोकून दिलं म्हणून वाचलो. मासा आमिष घेऊन पसार झाला. हे रागावले नाहीत, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी पुढे वाकले, दोन्ही तळहात होडीच्या बुडाला घट्ट टेकले आणि डोळे मिटून घेतले.

आणि तळहाताला काहीतरी लागलं. ढुम. मग ढुम-ढुम-ढुम. मला वाटलं माझंच काळीज. पण काळीज एका ठिकाणाहून धडधडतं, हे चारी बाजूंनी येत होतं. थांबायचं, पलीकडून कोणी उत्तर दिल्यासारखं परत सुरू व्हायचं. या वेळी शहाणपणा सुचला. एका हातानं वल्हं घेऊन एकदा ठोकलं आणि बुडाला टेकलेला दुसरा हात बोटानं दाखवला.

यांचा आवाज हल्ली नको तितका मोठा असतो. पण आता हे अगदी हळू म्हणाले, "तुलाही लागतंय?"

मग यांनी मला सीटवर हळूहळू फिरवून घेतलं. आधी पाय, मग कंबर, आणि तोवर स्वतः तोल धरून होते. आम्ही समोरासमोर बसलो, म्हणजे माझ्या ओठांवरचं यांना वाचता यावं. हे सांगू लागले. कान गेल्यानंतरच्याच वर्षी ही ढुमढुम पहिल्यांदा हाताला लागली, भरतीला, याच वळणावर. काही मासे पोटातून ढोल वाजवून जोडीदाराला बोलावतात, असं कुठंतरी वाचलेलं. यांनी त्यांचं नाव बँडवाले ठेवलं. बँडवाले बिचकू नयेत म्हणून हे इथे गळच टाकत नसत. आज टाकला, तो मला कंटाळा येऊ नये म्हणून.

"पेंटरला नाही विचारलं?"

"नाही. माझ्या डोक्यात काही ना काही वाजतच असतं. हे पाण्यातलं की माझ्यातलंच, मला कसं कळणार? तो नाही म्हणाला असता तर?"

मला भडभडून आलं. इतकी वर्षं मी या माणसाच्या रिकाम्या पिशवीला हसले, आणि हा इथे येऊन एवढ्या एकाच गोष्टीला हात लावून बसत होता. मी वाकून होडीच्या ओल्या बुडाला कान लावला. खाली सगळी खाडी बोलत होती. एक अगदी जवळ, एक लांब, एक त्याहून लांब, आणि त्यांच्याही मागे असंख्य.

यांनी लगेच मशीनची चौकशी करावी तशी चौकशी सुरू केली. खरखर आहे का? आवाज कोरडा आहे की भरीव? मध्ये खंड पडतो? मी म्हटलं, भरीव. नळाला पाणी यायच्या आधी पाइप घुमतो ना, तसा. हे डोळे मिटून मान डोलवत राहिले.

मी यांच्या गुडघ्यावर थाप मारली. यांनी डोळे उघडले तेव्हा म्हटलं, "भाऊजींना उद्या येऊ नका म्हणून सांगते."

"आणि पुढे कोण बसणार?"

"कोण म्हणजे? आता कोण बसलंय?"

यांनी आपल्या गळाचा दोरा वर ओढला आणि गुंडाळून होडीत ठेवला.

पाणी थांबलं, आणि मग आमची होडी नांगराभोवती सावकाश उलटी फिरली. ओहोटी लागली होती. ढोल विरळ होत गेले. हे बुडाला हात लावून होते; एक हात उचलला, दुसरीकडे टेकवला, परत उचलला.

"थांबलं," हे म्हणाले.

मी कान लावला. थांबलं नव्हतं. फार लांब, फार बारीक, पण चालू होतं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण नाही बोलवलं. मी म्हटलं, "आहे अजून."

यांनी एकदा स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग वल्हं उचललं, पाण्यात टेकवून होडी स्थिर धरली आणि म्हणाले, "मग ऐक. पुरतं ऐकून घे. मी थांबतो."