खिंडीतली ओढ

"मागलं सॉकेट मोठं बसव," सहादेव तात्या म्हणाले. "गाडी वढली पायजे."

अजिनाथने हातातला पाना खाली ठेवला. सॉकेट म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती, जिच्यावर चेन फिरते. गावापासून खिंडीपलीकडे, विहिरीच्या वाटेवर असलेल्या त्याच्या गॅरेजसमोर लाल स्पोर्ट बाईक उभी होती. टाकी वशिंडासारखी फुगलेली, मागची सीट उंच उचललेली. आणि त्या सीटवरून कसाबसा पाय ओढून काढत पायजमा-टोपीतले तात्या खाली उतरत होते. साठीकडे झुकलेला माणूस. ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम. सकाळी खिंडीपलीकडच्या विहिरीवर जाऊन मोटार चालू करायची, गावात आळीआळीचे व्हॉल्व्ह फिरवायचे, दिवेलागणीला मोटार बंद करून परत यायचं. सगळा जन्म सायकलीवर गेला. गाडीला हात लावला तो मुलगी गेल्यावर.

गाडी मुलीचीच होती, मोनिकाची. सुप्याच्या एमआयडीसीत ती कामाला होती. स्वतःच्या पगारातून गाडी घेतली तेव्हा सगळ्या गावाने बोटं मोडली होती. तात्या मात्र तिच्या मागे बसून, एका हाताने टोपी धरून, बाजाराला जायचे. मागच्या उन्हाळ्यात तापाने ती गेली.

"तात्या, असलं काम पोरं करून घेत्यात," अजिनाथ म्हणाला. "त्यांना सिग्नलवरून गाडी उडवायची आसती. मागलं सॉकेट मोठं केलं की वढ वाढती, पन वरचा स्पीड जातो. सरळ रोडला नुसतीच बोंबलंल."

"बोंबलू दे. मला कुठं पळायचंय?"

"वढत न्हाई ती कुठं?"

"खिंडीत. गावाकडं येताना."

"कोन मागं असल्यावर?"

तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मी यकलाच असतो," ते म्हणाले.

अजिनाथने गाडी स्टँडवर घेतली. मागचं चाक हाताने फिरवलं, मोकळं फिरलं. ब्रेक कुठे घासत नव्हता. चेन नीट ताणलेली, क्लच ठीक, एअर फिल्टर स्वच्छ. इंजिनाचा आवाज ऐकला, एकसारखा. इतकी चांगली ठेवलेली गाडी त्याच्याकडे क्वचितच यायची.

"तुमी चहा घ्या. मी खिंडीत जाऊन येतो," तो म्हणाला.

दुपार कलली होती. डोंगरावरच्या पवनचक्क्या हळूहळू फिरत होत्या आणि त्यांच्या पात्यांच्या लांब सावल्या रस्ता ओलांडून जात होत्या. खिंडीच्या पायथ्याशी एसटी थांब्याची पत्र्याची शेड आहे. तिथे कोणी नव्हतं. अजिनाथ शेडपाशी आला आणि गाडी मागून दबली.

खड्डा नव्हता. एखादं माणूस खांद्याचा आधार घेऊन मागे बसावं, तशी गाडी आधी डावीकडे किंचित कलली आणि मग सावरली. त्याने आरशात पाहिलं. मोकळा रस्ता, मोकळी सीट. चढ सुरू झाला. त्याने तिसरा गिअर टाकला, दुसरा टाकला. गाडी धापा टाकू लागली. पहिल्या गिअरवर पूर्ण पीळ दिला तरी जागची हलेना. अर्ध्या चढावर इंजिन बंद पडलं.

सगळीकडे शांत झालं. फक्त वरच्या पात्यांचा घुम्म आवाज येत होता. दोन्ही पाय टेकवून अजिनाथ तसाच बसून राहिला, मागे न बघता. आणि त्याला कळलं, गाडी मागून हलकी होतेय. शॉकअप सुटावा तशी सीट वर आली. कोणीतरी उतरलं होतं.

त्याने बटण दाबलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि उरलेला चढ कागदासारखी उडत गेली. परत येताना तो दुसऱ्या रस्त्याने, गावाला वळसा घालून आला.

तात्या बाकावर बसले होते. कपातला चहा तसाच होता.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

"तात्या, गाडी इकून टाका," अजिनाथ म्हणाला. "मी हिला हात लावनार न्हाई. कुनाला तरी दाखवा, काय करायचं ते करा."

"तुझ्यासंगं बी बसली म्हन की." तात्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट काहीसं बरं वाटल्यासारखं दिसलं. "मला वाटायचं, मलाच भास व्हतोय."

मग ते सांगू लागले, रोजचं काहीतरी सांगावं तसं.

"ताप अंगात घिऊन ती कामावरनं निघाली. त्या शेडपर्यंत आली, पुढं गाडी चालवायचं तिच्यात बळ न्हवतं. तिथनं फोन केला. तात्या, मला न्यायला या, म्हनली. आता मला कुठं गाडी येत हुती? जीप बघितली, टेम्पो बघितला. लगीनसराई, सगळी बाहेर. सायकल हानत गेलो. शेडमधी भिताडाला टेकून बसली हुती. गाडीची चावी मुठीत, अंग गार." त्यांनी कप बाजूला सरकवला. "नंतर शिकलो मी गाडी. लई पडलो. पहिल्यांदा सांजंला शेडवरनं आलो, तर मागं बसली."

"तात्या..."

"वझं जड हाय तिचं, अजिनाथ. जित्तेपनी कुठं एवढी जड हुती! अर्ध्या चढाला गाडी बंद पडती आन ती उतरती. रोज तिथंच. घरापत्तुर येतच न्हाई." तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "वझं काढ म्हनत न्हाई मी. वढंल, तेवढं कर."

तात्या गाडी तिथेच ठेवून पायी निघून गेले.

मोठं सॉकेट घातलं की मूळची चेन आखूड पडते. लांब चेन नगरहून मागवावी लागली. ती येईपर्यंत गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात उभी होती आणि अजिनाथ शटर पाडताना तिच्याकडे बघत नव्हता. चेन मागवली होती, तरी काम करायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. बायकोलाही त्याने यातलं काही सांगितलं नाही. पण एका सकाळी त्याला खिंडीतून चालत येणारे तात्या दिसले. सायकल हाताने ढकलत होते. बसून चालवता येईल अशा उतारावरही ते चालतच होते, पावलागणिक थांबत. शेजारून कोणी चालत असावं आणि त्याच्या पावलाने आपण चालावं, तसे.

त्याच दिवशी त्याने चाक खोललं. जुनं सॉकेट काढलं, चांगलं ताटाएवढं नवं बसवलं. नटबोल्ट दोनदा आवळले. चेन चढवली, ताण बघितला, चाक फिरवून एकेक दाता चेनीत नीट बसतो का ते पाहिलं. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने मागच्या सीटला लागलेला ग्रीसचा डाग फडक्याने पुसून काढला आणि मागची पायठेवणी उघडून ठेवली.

संध्याकाळी तात्या विहिरीवरची मोटार बंद करून आले, सायकल गॅरेजला लावली आणि गाडीवर बसले. अजिनाथने आपली स्कूटर काढली.

"तू कशाला?"

"चेन नवी हाय. बघतो, नीट चालती का."

शेडपाशी तात्यांनी गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवून समोर बघत बसले. मागून अजिनाथने पाहिलं, गाडी डावीकडे किंचित कलली. तात्यांचा डावा खांदाही खाली गेला. त्यांनी क्लच सोडला.

गाडीने चढ धरला. आवाज मोठा, वेग बैलगाडीचा. अर्ध्या चढावर, रोजच्या जागी, इंजिनाचा सूर खाली घसरला. अजिनाथने स्कूटरचं हँडल घट्ट आवळलं. "पीळ द्या तात्या, सोडू नका!" तो ओरडला. चेन कडकडली. चाकाखाली खडी सरकली. आणि गाडी, एखादा म्हातारा बैल गुडघे टेकता टेकता उठावा तशी, पुढे निघाली. माथ्यावर आली तेव्हा ती हलकी झाली नाही. मागून तशीच दबलेली, उताराला लागली.

तात्यांचं घर गावाच्या कडेला होतं. रंगुबाई, तात्यांची बायको, दारातच उभी होती. गाडीचा बदललेला आवाज तिने लांबूनच ऐकला असावा. तात्यांनी अंगणात गाडी उभी केली. ते उतरले नाहीत. रंगुबाईने एकदा मागून दबलेल्या गाडीकडे पाहिलं आणि आत गेली. बाहेर आली ती तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन.

लांबून आलेल्या माणसावरून ओवाळतात, तसा तिने तुकडा ओवाळला. तात्यांवरून नाही. त्यांच्या मागे, जरा उंच, एखाद्या मुलीचा चेहरा असेल तिथे. फेरा चुकला नाही. तुकडा तिने लांब टाकला, खाली वाकून गाडीशेजारच्या मातीत थोडं पाणी ओतलं आणि पदराने तोंड टिपलं.

"लई येळ केलास गं," ती म्हणाली, आणि दारातून बाजूला सरकली.

तात्यांनी इंजिन बंद केलं. ते उतरले, उंबऱ्यापर्यंत गेले, पण आत शिरले नाहीत. थोडा वेळ थांबले, कोणाला तरी आधी आत जाऊ द्यावं तसे. मग त्यांनी चपला काढल्या.