वीस मीटर वायर

केरबाने वायरचं टोक ब्लेडने खरवडलं आणि काउंटरवर आपटलं.

"आतनं पांढरी हाय की ही! तांबं म्हणून काय खपवतोस?"

"मामा, वरनं तांब्याचा मुलामा असतोय. समदी हीच नेत्यात," दुकानदार कामिल म्हणाला.

"समद्यांचं मला सांगू नगोस. अस्सल तांब्याची दे. वीस मीटर. मधी जोड चालायचा न्हाय."

घरच्या टीव्हीच्या जुन्या वायरला तीन जोड होते. गावातल्या चॅनेलवर माणसांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. कामिल वायर मोजू लागला.

"फायनलसाठी व्हय? मग ग्राउंडवरच जावा की. ऋतुराज तर..."

"त्याचं नाव काढू नगोस! तुझ्या मामीला मालिका बघायच्यात."

शिवाजी पेठेतलं हे घर तीन पिढ्या एकाच तालमीच्या संघातून फुटबॉल खेळलेलं. आठ महिन्यांपूर्वी ऋतुराजने विरोधी तालमीची जर्सी घातली आणि केरबाने साऱ्या गल्लीदेखत पोटच्या पोराला गद्दार म्हणून घराबाहेर काढलं. आज अंतिम सामना त्याच दोन संघांत होता. आता कुठल्या तोंडाने मैदानावर जाणार? म्हणून सगळा राग वायरवर.

दुपारी गच्चीवरून वायर खाली सोडताना तो बायकोवर खेकसला, "धर की नीट! दुमडू नगोस!"

चारला चित्र लख्ख आलं. सात नंबरची जर्सी, गुडघ्यावर पट्टी.

"वाळलाय," चिमणाबाई म्हणाली.

"गप बस."

त्याने खिडकी लावून घेतली. टीव्हीचा आवाज पार बंद केला. गल्लीत कुणाला कळायला नको होतं.

शेवटच्या मिनिटाला ऋतुराजने गोल मारला. केरबाने खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज फुटू दिला नाही.

खाली तालमीच्या कट्ट्यावर पोरं मोबाइलवर सामना बघत होती. त्यांच्यातला एक जण ओरडला, "गद्दार!"

केरबाने टॉवेल फेकला आणि धाडकन खिडकी उघडली.

"कोण रं त्यो? माझ्या पोराला कोण बोललं? फुडं ये की!"

आठ महिन्यांपूर्वी तो शब्द कुणी शिकवला, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच्या पाठीमागे चिमणाबाईने रिमोट उचलला आणि आवाज वाढवत नेला.