चार कोपऱ्यांचा डिंक

कुणीतरी काहीतरी चिकटवलं होतं आणि काढलंही होतं. काढणारा अडाणी होता. ब्लेडमामाने स्वतःच्या गाडीच्या मागच्या काचेवर बोट फिरवलं आणि त्याला चारही कोपरे सापडले. वहीच्या पानाएवढा चौकोन, कोपऱ्यांना डिंक. तोही ताजा. जुना डिंक धूळ खाऊन खरखरीत होतो. हा बोटाला धरत होता.

लोकांच्या गाड्यांच्या काचांवरचे स्टिकर काढण्यात मामाचा जन्म गेला होता. केस वाळवायच्या मशीनने ऊब द्यायची, कोपरा सुटला की हळू ओढायचं, उरलेल्या डिंकावर तेल, मग साबणाचं पाणी आणि अगदी शेवटी आडवं ब्लेड. म्हणून बाजारात तो ब्लेडमामा. "डोळ्याला दिसतो तो डाग, बोटाला लागतो तो डिंक," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. अलीकडे तो बोटाचंच जास्त ऐकत असे.

संशय आधी मेहुण्यावर गेला, कारण संशय घ्यायला मेहुण्याइतकं सोयीचं माणूस नाही. मामा दुकानात चालत जायचा, गाडी दिवसभर घराखाली उभी, दुसरी किल्ली बायकोपाशी आणि भाऊ तिचा. भाडं मारत असणार. पाटी लावायची, गाव फिरायचं आणि मामा यायच्या आत पाटी काढायची.

"तुझा भाऊ हल्ली काय करतो गं?" त्याने जेवताना विचारलं.

"काय करणार? आहे तेच."

"गाडीबिडी चालवतो का कुणाची?"

बायकोने त्याच्या ताटात भाजी वाढली. नको म्हणत असताना वाढली. मामाने हेही लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तपासायला म्हणून तो आत बसायला गेला, तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट पुढे ओढलेली होती. मेहुणा ताडमाड, तो सीट पुढे घेईल कशाला? म्हणजे चालवणारा बुटका होता आणि किल्ली बायकोने दिली होती.  गल्लीत बुटका पुरुष एकच, समोरचा शिंपी. बायकोला वहिनी वहिनी करायचा, तुटलेली बटणं फुकट लावून द्यायचा. कालपर्यंत मामाला तो भला माणूस वाटत होता.

त्या दिवशी दुपारी दुकानात मामाचं लक्ष लागेना. "मामा, इथं पट्टा राहिलाय की," गिऱ्हाईक म्हणालं. "उजेडच नाही आज," म्हणून मामाने ब्लेड खाली ठेवलं. बाहेर ऊन रणरणत होतं. दुकान लवकर मिटून तो घराकडे निघाला.

गाडी जागेवर नव्हती. तो तडक शिंप्याच्या दुकानाकडे वळला. दुकान बंद असणार याची त्याला खात्री होती. शिंपी मशीनवर बसला होता, ओठांत टाचण्या धरून.

"या मामा, बसा," तो टाचण्यांमधूनच म्हणाला.

माणूस समोर बसलेला, तरी संशय उठेना. "माझी गाडी कुठंय?"

"ती काय, आलीच."

वळणावरून एक गाडी बिचकत बिचकत येत होती. मामाने डोळे बारीक केले. "कोण चालवतंय?"

शिंप्याने टाचण्या हातात घेतल्या. गाडी एव्हाना दारापर्यंत आली होती. त्याने एकदा गाडीकडे पाहिलं आणि मग बराच वेळ मामाकडे. "वहिनी आहेत, मामा," तो हलकेच म्हणाला.

गाडी थांबली. बाजूच्या सीटवरून मेहुणा उतरला, मामाला पाहून "मी जरा पाणी पिऊन येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. मागच्या काचेवर टेपने चिकटवलेला कागद होता. कागदावर लाल एल.

"चोरून कशाला?" मामाने विचारलं.

"सांगितलं असतं तर किल्ली लपवली असती तुम्ही."

"पण या वयात तुला हे काय सुचलं?"

"धाकट्या लेकीकडून येताना तुम्ही गाडी दुभाजकावर चढवलीत. म्हणालात, मांजर आडवं आलं."

"आलं होतं."

"नव्हतं आलं. तरी मीही सगळ्यांना मांजरच सांगितलं. काळं होतं, असंही मीच जोडलं." ती कागदाचा कोपरा नखाने सोडवत राहिली. "म्हटलं, कधीतरी आपणहून सांगाल डोळ्यांचं."

मामाला खरं तर राग यायला हवा होता. आली ती लाज, आणि लाजेमागून भीती. ती भीती तो किती दिवस एकटाच सांभाळून होता.

"दाखवून आलो मी," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकेल. गेलेलं येत नाही."

तिचा हात थांबला. "कधी दाखवलंत?"

"झाला महिना."

"चोरून कशाला?" ती म्हणाली, आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

 त्याने तिचा हात काचेवरून बाजूला केला. "टेप नको लावूस. घाण होते काच."

घरातून त्याने लाल आणि पांढऱ्या स्टिकरचे उरलेले तुकडे, थोडं तेल आणि साबणाचं पाणी आणलं. कैचीने एल कापला. कागद काढून काच तेलाने, मग साबणाच्या पाण्याने पुसली आणि ओलीच ठेवली. पांढरं चिकटवलं, वर लाल. हवेचे बुडबुडे अंगठ्याने मधून कडेला ढकलत नेले. मग चार पावलं मागे सरकून तो उभा राहिला.

"सरळ लागलंय का?" त्याने विचारलं. उभ्या जन्मात त्याने हे कुणाला विचारलं नव्हतं.

ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"डावी बाजू जराशी खाली आहे."

पाणी अजून वाळलं नव्हतं. त्याने डावी बाजू वर सरकवली, ती बास म्हणेपर्यंत.